काट्याच्या भीतीनं मासळी सोडू नका: बोनलेस पांढरा मासा घरी असा शिजवा

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षं मासा शिजला नव्हता. कारण एकच, काटा. जुम्याच्या दिवशी दुपारी रोहूचं कालवण आणि भात असा बेत होता. सत्तरी ओलांडलेल्या दादींच्या घशात काटा अडकला. घरच्यांनी आधी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, मग केळं दिलं. काटा निघायचं सोडून आणखी रुतला. शेवटी रात्री गाडी करून कऱ्हाड गाठावं लागलं. तिथं डॉक्टरांनी चिमट्यानं काटा काढला आणि भाताचे गोळे गिळायला लावल्याबद्दल सगळ्यांना चांगलंच सुनावलं. दादींना कवळी आहे. कवळीमुळं टाळू झाकलेला असतो, त्यामुळं तोंडात काटा आल्याचं लवकर कळतच नाही, हेही तेव्हाच समजलं.

त्या दिवसापासून सूनबाईंनी जाहीर केलं, या घरात आता मासळी नको. पण दादींना मासा जीव की प्राण. मग मोठ्या नातवानं बोनलेस बासाचं गोठवलेलं पाकीट आणलं. भाबींनी ते नेहमीच्या पद्धतीनं केलं. कांदा परतला, मसाला भाजला, मासा टाकला, झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवलं. झाकण काढलं तर पातेल्यात मासा कुठंच नाही! सगळं विरघळून रश्श्याचं पिठलं झालेलं. "असला कसला मासा, पैसे पाण्यात," असं म्हणून दुसरं पाकीट फ्रीजमध्ये तसंच पडून राहिलं.

असा अनुभव आम्ही कडेगावातल्या आणखी चार-पाच घरांत ऐकला. म्हणून हा लेख. मासा वाईट नव्हता. चूक होती ती मटणाची रीत माशाला लावण्यात.

मटण आणि मासा, फरक कुठं आहे?

गगनचुंबी ताबुतांसाठी ओळखलं जाणारं आपलं कडेगाव हे काही मासळीचं गाव नाही. समुद्र कुंभार्ली घाटाच्या पलीकडं, चिपळूणच्याही पुढं. तालुका कायम दुष्काळी. त्यामुळं आपल्या स्वयंपाकघरातलं सगळं कसब मटण-कोंबडीवर घडलेलं आहे. भाजायचं, परतायचं, मंद आचेवर तासभर शिजू द्यायचं. बकरा आयुष्यभर डोंगर चढतो, अंगाचं वजन पायावर पेलतो. त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे धागे चिवट असतात. ते सुटायला वेळ आणि आच दोन्ही लागतात.

माशाला त्याचं वजन पाणीच पेलून देतं. म्हणून त्याच्या मांसात हे धागे अगदी थोडे असतात आणि थोड्याशा उष्णतेनं सुटतात. हाड असलेल्या तुकड्याला निदान मधला काटा धरून ठेवतो, वरून कातडी असते. बोनलेस तुकड्यात काटा नाही, कातडी नाही. आत शिजायला तीन-चार मिनिटं लागतात आणि पुढच्या पाच मिनिटांत तो फुटायला लागतो. वीस मिनिटं म्हणजे त्याच्यावर जुलूमच.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोठवलेल्या माशाच्या तुकड्यांवर बर्फाचा थर दिलेला असतो, हवा लागून मासा सुकू नये म्हणून. ती रीत योग्यच आहे, पण थर किती जाड असावा हे ज्याच्या त्याच्या इमानावर. शिवाय काही ठिकाणी माशाला फॉस्फेटच्या पाण्यात ठेवतात. त्यानं मासा पाणी शोषून घेतो, फुगतो, वजनाला भरतो. पाकिटावर घटकांच्या यादीत 451 किंवा 452 असे आकडे दिसले तर ते हेच फॉस्फेट समजा. आम्ही एक पाकीट घरी आणून चाळणीवर वितळवलं तर खाली मोठं वाडगंभर पाणी जमलं. हे सगळं पाणी तव्यावर सुटतं आणि मासा तळायच्या ऐवजी त्याच पाण्यात उकडतो.

तेव्हा बोनलेस माशाचं सगळं शास्त्र दोन गोष्टींत आहे. आधी पाणी काढायचं आणि मग वेळ कमी ठेवायचा. पुढच्या सगळ्या पद्धतींत हेच फिरून फिरून येईल.

आपल्याकडं कोणता मासा घ्यावा?

बासा म्हणून जो पांढरा, लांबट तुकडा मिळतो तो पंगास जातीचा मासा. व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात त्याची प्रचंड शेती होते. आता आंध्रात होते आणि महाराष्ट्रातल्या धरणांत पिंजरे लावूनही तो वाढवतात. त्याला स्वतःची चव फार नाही, वासही नाही. म्हणून मुलांना चालतो.

पण आमचं मत विचाराल तर, ताजी चिलापी मिळत असताना बर्फातला बासा कशाला? हा मासा मूळचा आफ्रिकेतला. 1952 साली भारतात आणला गेला आणि इथलाच होऊन बसला. उजनीची चिलापी तर सगळ्यांना ठाऊक आहे. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आपल्या भागातले तलाव भरू लागले, आणि भोई बांधवांच्या पाटीत चिलापी दिसू लागली. तिचं मांस पांढरं, घट्ट, आणि बासापेक्षा चवीला कितीतरी सरस. 100 ग्रॅम मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हाताऱ्या माणसांना, आजारातून उठलेल्यांना याचा चांगला उपयोग आहे. मात्र हृदयासाठी चांगली म्हणून ज्या चरबीचं नाव घेतात ती पांढऱ्या माशात थोडीच असते. ती हवी असेल तर बांगडा, तारली खा.

रोहू, कटला, मृगळ यांचं बोनलेस करायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यांच्या मांसातच दोन फाट्यांचे बारीक काटे विखुरलेले असतात. कितीही सफाईनं कापलं तरी ते राहतात. दादींच्या घशात गेला तो यातलाच. मरळ मिळाली तर सोनं, तिच्यात काटे कमी. पण ती रोज मिळत नाही आणि मिळाली तरी खिशाला परवडत नाही.

चिलापीचे बोनलेस तुकडे घरीही काढता येतात. पाठीवरचा काटेरी पर आधी कात्रीनं कापून टाका, नाहीतर हाताला टोचतो आणि दोन दिवस ठणकतो. कल्ल्याच्या मागं मधल्या काट्यापर्यंत तिरका छेद द्या. मग सुरी आडवी करून काट्याला घासत शेपटीपर्यंत न्या, वरचा पूर्ण भाग सुटून येईल. उलटून दुसरी बाजू तशीच. आता तुकडा कातडीवर पाट्यावर ठेवा, शेपटीकडून कातडी घट्ट धरून मांस आणि कातडी यांमध्ये सुरी सरकवा. शेवटी बोटानं चाचपून पाहा. मध्यावर, डोक्याकडच्या बाजूला बारीक काट्यांची एक रांग लागते. तिच्या दोन्ही बाजूंनी छेद देऊन ती पट्टीच काढून टाका. ही पट्टी राहिली तर सगळी मेहनत वाया. एक किलो माशातून जेमतेम 300 ते 350 ग्रॅम बोनलेस निघतं, हे आधीच लक्षात घ्या. डोकं आणि मधला काटा फेकू नका. त्याचा उकळून गाळलेला रस पुढं कालवणात कामी येतो.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी मासेवाल्यालाच सांगावं. पहिल्यांदा तो वैतागेल, दोन-चार गिऱ्हाइकांनी मागितलं की शिकेल.

गोठवलेलं पाकीट घेताना ते हातात घेऊन हलवून बघा. तुकडे एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झालेला असेल, आत बर्फाचे खडे साचलेले असतील, तर तो मासा मध्येच वितळून पुन्हा गोठलेला आहे. आपल्याकडं लाइट जाते, दुकानाचा फ्रीझर बंद पडतो, त्यात नवल काही नाही. पण ते पाकीट परत ठेवा. आणि वजन पाहताना पाकिटावरचं निव्वळ वजन पाहा.

खवले नाहीत, मग चालतो का?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, म्हणून थोडक्यात. माशाला जबह लागत नाही, हे सर्वांना माहीत आहे. बासाच्या अंगावर खवले नसतात. सुन्नी फिकहमध्ये माशाला खवले असण्याची अट नाही. शिया बांधवांच्या जाफरी फिकहमध्ये मात्र खवले असलेलाच मासा चालतो. त्यांनी बासा टाळून चिलापी घ्यावी, तिला खवले असतात. आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा हनफी मतानुसार खात नाहीत. आरोग्याच्या दृष्टीनंही असा मासा घेऊ नयेच. आणि एक, तयार मसाला किंवा पावाचा चुरा लावलेली पाकिटं येतात त्यावरचे घटक वाचल्याशिवाय टोपलीत टाकू नका. साधा मासा घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

आधी पाणी काढा

पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर काढून ठेवा, चाळणीखाली भांडं. सकाळपर्यंत मासा सुटतो आणि पाणी खाली जातं. घाई असेल तर तुकडे पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा. गरम पाण्यात घालू नका आणि दिवसभर ओट्यावरही ठेवू नका. वरचा भाग नासायला लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो. एकदा वितळलेला मासा पुन्हा कच्चा गोठवायचा नाही.

मग तुकड्यांना दोन्ही बाजूंनी मीठ चोळा आणि दहा मिनिटं तिरक्या ताटात ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस थोडं घट्ट होतं. ते पाणी ओतून टाका आणि तुकडे स्वच्छ सुती फडक्यानं टिपून कोरडे करा. हे टिपणं बहुतेक जण गाळतात आणि मग म्हणतात तव्याला चिकटला. पुढं मसाल्यात मीठ कमी घालायचं, हे विसरू नका.

तलावाच्या माशाला मातकट वास येतो अशी तक्रार असते. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो ना, तोच हा वास. जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. तलावातल्या शेवाळापासून तो माशाच्या अंगात जातो. आंबट पदार्थानं तो मोडतो, म्हणूनच आपल्याकडं माशाला चिंच किंवा लिंबू लावायची पद्धत पडली असावी. ताकात दहा मिनिटं बुडवून धुतलं तरी फरक पडतो. माशाबरोबर दही-ताक नको असं काही घरांत मानतात. ज्यांना नको त्यांनी चिंचेचं पाणी वापरावं. पण बंगालात दह्यातला मासा पिढ्यान् पिढ्या खातात, हेही खरं.

लिंबाचं मात्र एक पथ्य आहे. मटणाला रात्रभर मसाला लावून ठेवतो तसं इथं करायचं नाही. लिंबाच्या आंबटपणानं मासा कच्चाच पांढरा पडतो, वरून भुसभुशीत होतो आणि तव्यावर फुटतो. लिंबू लावल्यावर पंधरा मिनिटं पुरे.

तव्यावर

सगळ्यात सोपी आणि मुलांना आवडणारी पद्धत हीच. कोरड्या केलेल्या तुकड्यांना आलं-लसणाची बारीक वाटलेली गोळी, हळद, साधं लाल तिखट आणि लिंबाचे थेंब लावा. इथं साधं तिखटच हवं. आपला कांदा-लसूण मसाला कितीही लाडका असला तरी तव्यावर नको. त्यात कांदा, लसूण, खोबरं असतं, ते मासा शिजायच्या आधी करपतं आणि सगळं कडू होतं. त्याची जागा रश्श्यात.

दोन चमचे तांदळाचं पीठ आणि चार चमचे बारीक रवा एकत्र करा. तुकडा त्यात दाबून घोळवा आणि जास्तीचं झटकून टाका. घोळवून ठेवून द्यायचं नाही, लगेच तव्यावर. तवा आधी चांगला तापवा, मग तेल, तेल तापल्यावर मासा. बोटभर जाडीच्या तुकड्याला एका बाजूला तीन ते चार मिनिटं. या वेळात त्याला हात लावायचा नाही. सतत उलटसुलट केलं की रवा सुटतो आणि मासा मोडतो. खालची बाजू झाली की तो आपणहून तवा सोडतो. एकदाच उलटा, आणखी तीन मिनिटं, झालं. एका वेळी तव्यावर तीन-चारच तुकडे, गर्दी केली की तवा थंड होतो आणि पाणी सुटतं.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? कच्चा मासा आरपार काचेसारखा दिसतो, शिजला की दुधासारखा पांढरा होतो. सर्वांत जाड जागी सुरीचं टोक घालून हलकेच फिरवा. पाकळ्या सुट्या झाल्या म्हणजे शिजला. कोणाकडं स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत 63 अंश सेल्सियस आलं की उतरवावा.

कालवण, म्हणजेच सालन

भाबींची चूक झाली ती इथं. रस्सा मुरायला वेळ लागतो आणि माशाला लागत नाही, मग दोघांना एकत्र टाकायचंच कशाला?

रस्सा पूर्ण करून घ्या. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटा, हवं तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा तीळ त्यात घाला. तेलात लसूण-कढीपत्त्याची फोडणी, वर वाटण, कांदा-लसूण मसाला, हळद. तेल सुटेपर्यंत परता. डोक्या-काट्याचा रस असेल तर तो घाला, पण गाळणीतून दोनदा गाळून, म्हातारी माणसं आणि मुलं जेवणार आहेत. नसेल तर गरम पाणी. चिंचेचा कोळ घालून पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळू द्या. मीठ-तिखट चाखून बघा. जे काही कमी-जास्त करायचं ते आत्ताच.

आता आच बारीक करा आणि माशाचे मोठे तुकडे, तीन बोटं रुंद तरी हवेत, एकावर एक न येतील असे सोडा. पाच ते सहा मिनिटं, बस. पळी, डाव काही घालायचं नाही. हलवायचंच असेल तर पातेलं दोन्ही कानांनी धरून गोल फिरवा. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा, मसाला तेवढ्यात माशाला लागतो. कुकरचं तर नावही काढू नका. पाहुणे उशिरा येणार असतील तर रस्सा तयार ठेवा आणि ते दारात आले की मासा सोडा. वर कोथिंबीर, सोबत शाळूची भाकरी.

हळदीच्या पानात

ही आमची आवडती पद्धत, आणि सांगली जिल्ह्यात राहून ती न करणं म्हणजे नवलच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण हळदीचं पान बांधावरच टाकून देतो. कोकणात त्याच पानात पातोळ्या वाफवतात. पारशी लोक केळीच्या पानात हिरवी चटणी लावलेला मासा वाफवतात. आपण दोन्ही एकत्र आणू.

ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू यांची घट्ट चटणी वाटा, पाणी जवळजवळ नकोच. पावसाळ्यापासून हळद काढणीला येईपर्यंत शेतात हिरवी पानं मिळतात. पान धुऊन मधली शीर थोडी ठेचा म्हणजे मोडणार नाही. त्यावर चटणी, चटणीवर मासा, माशावर पुन्हा चटणी. पान घडी घालून दोऱ्यानं बांधा. इडलीपात्रातलं पाणी उकळायला लागलं की पुड्या आत ठेवा आणि आठ ते दहा मिनिटं वाफवा. पान उघडल्यावर जो वास येतो त्याचं वर्णन आम्ही करत नाही, करूनच बघा. तेलाचा थेंब नाही, तळण नाही, आणि मासा इतका मऊ की कवळी नसली तरी चालेल. दादींसाठी मिरची एकच घालायची. पानं नसतील त्या दिवसांत केळीचं पान घ्या, वास येणार नाही पण मासा तितकाच मऊ होईल.

बिर्याणी आणि मोडलेले तुकडे

माशाची बिर्याणी करायची तर कच्च्या मटणाची रीत विसरा. भात जवळजवळ पूर्ण शिजवून घ्यायचा, मसाला वेगळा, मासा तव्यावर अर्धवट परतलेला. थर लावताना मासा भाताच्या मध्ये ठेवा आणि दम आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. वाढताना खालून वर ढवळायचं नाही, ताटलीनं कडेनं थर उचलायचा.

कितीही काळजी घेतली तरी काही तुकडे मोडतातच. ते फेकू नका. उकडलेला बटाटा, बारीक कांदा, हिरवी मिरची, पुदिना आणि थोडा पावाचा चुरा घालून टिकिया करा. आधी फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवल्या तर तळताना सुटत नाहीत. रमजानात इफ्तारसाठी या सकाळीच करून ठेवता येतात आणि मगरिबच्या आधी दहा मिनिटांत तळून होतात.

आणि पुन्हा एकदा काट्याबद्दल. बोनलेस म्हणून विकलेल्या तुकड्यातही एखादा काटा राहू शकतो. शिजवण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवा, लहान मुलांना वाढताना पाकळ्या सुट्या करून वाढा. तरीही घशात काही अडकलंच तर भात, केळं, पाव काही गिळायला लावू नका आणि बोटं घालून काढायचा प्रयत्नही करू नका. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं न्या. श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळ गिळता येत नसेल, रक्त येत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

त्या घरातल्या फ्रीजमधलं दुसरं पाकीट मागच्या महिन्यात निघालं. भाबींनी आधी चाळणीवर वितळवलं, मीठ लावलं, टिपलं आणि हळदीच्या पानात वाफवलं. पानावरचा मासा बोटानं दोनदा चाचपून त्यांनी दादींच्या पुढं ठेवला, आणि पहिला घास गिळेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. दादींनी दोन पुड्या संपवल्या. मग म्हणाल्या, "चांगला झालाय गं, पण पुढच्या खेपेला मिरची दोन घाल."